आकड्याची टिकली

दसऱ्याच्या दिवशी बाळा मेस्त्रीने आपल्या मशीनला नवे सेल घातले आणि मशीन सगळं विसरून गेलं.

बाळाच्या मनात वाईट काही नव्हतं. भक्तीनेच केलं त्याने ते. कसालला हायवेच्या कडेला त्याचं वर्कशॉप. दोन लेथ, एक ड्रिल, वेल्डिंगचा कोपरा आणि मागच्या भिंतीला टेकून उभं असलेलं एक सीएनसी मिलिंग मशीन. हे मशीन बारा वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कारखान्यातून आणलं, तेव्हाच ते जुनं होतं. हिरव्या अक्षरांचा पडदा, बटणांवरची छापील अक्षरं अर्धी पुसलेली, दार उघडताना कण्हल्यासारखा आवाज. वर्कशॉपात सगळे या मशीनला म्हातारी म्हणत. तिच्या पोटात टॉर्चमध्ये घालतात तसले तीन मोठे सेल असत. वीज गेली, मेन बंद केली, तरी त्या तीन सेलांवर म्हातारी आपली आठवण धरून बसायची.

दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली. लेथला झेंडूची माळ, ड्रिलला झेंडूची माळ, म्हातारीला जरा मोठी माळ. मग बाळाच्या मनात आलं, घरात सणाला सगळ्यांना नवं काहीतरी घेतलं, हिला काय? सेल किती वर्षं तेच आहेत. त्याने चौकातून कोरे सेल आणले. चालू विजेत हात घालू नये एवढं शहाणपण त्याच्याकडे होतं, म्हणून आधी मेन खाली केली, मशीनला हात जोडले, जुने सेल काढले आणि नवे घातले.

सेल बदलायचे ते मशीन चालू ठेवूनच, हे फक्त मशीन चालवणाऱ्या चंदनला ठाऊक होतं. आणि चंदन तर गणपतीनंतर गोव्याला मोठ्या कारखान्यात लागला होता. दोडामार्गहून रोज बसने जायचा, रोज यायचा.

दुसऱ्या दिवशी पडदा उजळला आणि त्यावर शून्यच शून्य. कोल्हापूरहून एक इंजिनीअर आला, त्याने कार्डावरून प्रोग्राम परत भरून दिले, म्हातारी बोलू-चालू लागली. पण नंबर मात्र कुठल्याही कार्डावर नव्हते. कारखान्यांत त्यांना ऑफसेट म्हणतात. बाळाच्या वर्कशॉपात नुसते नंबर.

नंबर म्हणजे काय ते सोपं आहे. म्हातारीला डोळे नाहीत. आंधळ्या माणसाला जेवायला वाढताना ताट कुठे ठेवलंय, भात कुठल्या अंगाला, हे सांगावं लागतं, तसं तिला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. एक, काम टेबलावर कुठे बसवलंय. दुसरी, जे हत्यार हातात दिलंय ते किती लांब आहे. एवढं खरं सांगितलं, तर केसासारखं बारीक काम करून देते. खोटं सांगितलं, तर तितक्याच मन लावून हत्यार कामात घुसवते आणि सगळ्याचा चुरा करते.

बाळाचं मन विटलं. एक तर चालवणारा गेला, वर ही विसरली. त्याने कोल्हापूरच्या जुन्या मशिनांच्या व्यापाऱ्याला फोन लावला. शनिवारी क्रेन घेऊन येतो, असं तो म्हणाला.

हे ऐकून जिच्या हातातली कानस थांबली ती सुशीला धुरी. त्रेपन्न वर्षांची, हडकुळी, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. अकरा वर्षांपूर्वी ती काजूच्या कारखान्यातून इथे आली, झाडायला आणि कामांच्या कडा कानशीने मोडायला. तोवर तिची दहाही बोटं काजूच्या चिकाने काळी पडलेली, सालटं निघालेली. इथे आल्यावर दोन वर्षांनी नखं पुन्हा नखांसारखी दिसू लागली. अक्षरंही तिला इथेच आली. शाळेचं तोंड तिने दुसरीपर्यंत पाहिलेलं, तेही पुसून गेलेलं. लोक अक्षरं शिकतात ती क ख ग पासून. सुशीला शिकली ती म्हातारीच्या बटणांवरून, एक्स, वाय, झेड, मग जी, मग टी आणि एच. ए आणि बी तिला पुष्कळ उशिरा भेटले, कारण म्हातारीला त्यांचं फारसं काम पडत नसे. चंदन मशीन चालवायचा, ती शेजारी उभी राहून हत्यारं द्यायची, पुसायची, बघायची. अकरा वर्षं बघितलं. आणि आता क्रेन आली की म्हातारी जाणार, तिच्याबरोबर आपलं कामही जाणार, नि आपण परत काजूच्या चिकात बोटं घालणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

मंगळवारी सकाळी आचऱ्याचा देवेश आला. त्याच्या होडीच्या इंजिनाचा पाण्याचा पंप गेला होता. इंजिन जुनं, सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. त्याने पंपाचं कव्हर कोल्हापुरात पितळी धातूत ओतून आणलं होतं, नारळाच्या करवंटीएवढं, खडबडीत. आता त्याचं तोंड सपाट करायचं, मधलं भोक गोल करायचं, कडेला सहा भोकं पाडून आटे घालायचे. आधी चंदनने असली दहा-बारा कव्हरं केली होती, प्रोग्राम तयार होता.

"चंदन रविवारी येतलो म्हणता," बाळा म्हणाला.

"रविवारी?" देवेश ओरडलाच. "बाळाकाका, सगळ्यांच्या होडये बांगडे भरून येतत आणि माजी धक्क्यार उबी आसा. माजी बायल माका इचारता, तुमी मासे पकडतास काय मासे तुमका पकडतत?"

"मगे मी काय करू? मी लेथवालो माणूस. म्हातारेची भाषा माका येणा नाय."

सुशीलाने कानस खाली ठेवली. "बाळादा, माका देवा करूक."

"काय करूक?"

"म्हातारेचे नंबर. आणि ह्या कव्हर."

बाळा हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "अगो, ता काय काजी फोडूचा काम आसा?"

"काजीक पण नंबर आसतत, बाळादा. दोनशे चाळीस, तीनशे वीस. मूठभर गर हातार ठेवा, डोळे मिटान सांगतंय कुठच्या नंबराचो तो."

"कव्हर एकच आसा गो. दुसरा ओतूक तीन आठवडे."

"ठाऊक आसा. कव्हर बरा झाला, तर तुमी कोल्हापूरवाल्याक नको म्हणून सांगतलास. आणि मशीनवर मी. बिघडला, तर शनिवारी क्रेनीक दोरी मी बांधून देतंय."

बाळाने देवेशकडे पाहिलं. देवेशला होडी दिसत होती, बांगडे दिसत होते, बायको दिसत होती. "दी रे काका," तो म्हणाला. "रविवारपर्यंत मी बसान काय करू? माशी मारू?"

"तुमच्या जिवार," बाळा म्हणाला. "माज्या छातीत धडधडता. मी समोर च्या घेतंय. आवाज झालो काय माका कळतलो." आणि खरोखरच तो वर्कशॉपाच्या दारासमोरच्या टपरीवर जाऊन बाकड्यावर बसला, तोंड रस्त्याकडे आणि कान इकडे.

सुशीलाने हात धुतले, चष्मा पदराने पुसला. कव्हर टेबलावर ठेवून चारही बाजूंनी आवळलं, हलवून बघितलं, परत आवळलं. मग काम कुठे बसलंय ते म्हातारीला सांगायला घेतलं. एका कडेला बारीक खुंटी टेकवली, आकडा बघितला, दुसऱ्या कडेला टेकवली, आकडा बघितला, दोन्हींचा मध्य काढला. पाटीवर हिशेब करताना तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यात येत होती. मध्य काढल्यावर तिने तो पुन्हा उलटीकडून काढला. सारखाच आला.

मग हत्यारं. त्यासाठी एक पत्र्याचा डबा होता, त्यात गुलाबी कागदाच्या पट्ट्या. दशावतारी नाटकांची पातळ हँडबिलं चंदन जपून ठेवायचा आणि कापून पट्ट्या करायचा. तसला पातळ आणि सगळीकडे सारखा कागद दुसरा नाही, असं त्याचं म्हणणं. पट्टी टेबलावर ठेवायची आणि तिच्यावर आधी मशीनचं रिकामं नाक, जिथे हत्यार बसतं ते, खाली आणायचं. चाक फिरवायचं, आधी मोठ्या चालीने, मग बारीक, मग अगदी मुंगीच्या चालीने, आणि दुसऱ्या हाताने पट्टी हलवत राहायचं. पट्टी हलायची थांबली, तिथे शून्य धरायचं. मग नाकात हत्यार बसवायचं नि तसंच टेकवायचं. शून्याच्या जितकं वर थांबावं लागलं, तितकी हत्याराची लांबी. ती लांबी बटणं दाबून पडद्यावर चढवायची.

"देवेश, हयसर ये. तुका काम आसा."

"माका?"

"गाऱ्हाण्यात उबो रवलंस कधी?"

"म्हणजे काय! देवळात जन्म गेलो."

"मगे सोपा आसा. मी नंबर म्हणतलंय, तू पडद्यार बघ. आकड्याक टिकली आसा काय बघूचा. आसली तर म्हणाचा, व्हय म्हाराजा. नसली तर गप."

ही रीत चंदनची. सुशीला आली त्याच वर्षी त्याने एक नंबर चुकवला आणि नवं कोरं कटर मोडलं. तेव्हा बाळाने रागारागात म्हातारीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, देवळात घालतात तसं: एकाने देवाला मागणं सांगायचं, बाकीच्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं. चंदनला त्यातून गंमत सुचली. त्या दिवसापासून तो प्रत्येक नंबर गाऱ्हाण्याच्या सुरात म्हणू लागला, आणि सुशीलाने पडदा बघून व्हय म्हाराजा म्हणायचं. गंमत म्हणून सुरू झालं नि अकरा वर्षं कटर मोडलं नाही.

टिकली म्हणजे दशांशाचा ठिपका. म्हातारीला तो लागतोच. एकशे वीस लिहून पुढे ठिपका दिला, तर ती समजते एकशे वीस मिलिमीटर. ठिपका विसरलात, तर ती त्याचा हजारावा भाग धरते. म्हणजे वीतभर हत्याराची कागदाएवढी चकती होते, म्हातारीच्या हिशेबी. हे सुशीलाला समजावताना चंदन पहिल्या वर्षी म्हणाला होता, "टिकली नाय तर आकड्याक काय किंमत नाय, मावशे," आणि म्हणताम्हणता जीभ चावून गप्प झाला होता. कारण त्याच पावसाळ्यात सुशीलाचा नवरा गेला होता आणि तिचं कपाळ मोकळं होतं. त्याचे कान लाल झाले. सुशीलाने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि तीच हसली. "माजी गेली म्हणान तुज्या आकड्याची कित्याक जाय रे? लाय बघू." तेव्हापासून त्या वर्कशॉपात ठिपक्याला दुसरं नाव नाही.

"बा देवा म्हाराजा!" सुशीलाने सूर लावला. "आज ह्या आचऱ्याच्या देवेशच्या पंपाचा कव्हर ह्या म्हातारेच्या मांडयेर बसलेला आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देवेशने इतक्या जोरात म्हटलं की टपरीवरचा बाळा अर्धा उठला.

"हळू रे मेल्या! ह्या देऊळ नाय. पयल्या हत्याराची लांबी एकशे अठरा, टिकली, चार सहा शून्य, म्हाराजा!"

देवेश पडद्यावर वाकला. हिरवे आकडे, मध्ये ठिपका. "व्हय म्हाराजा."

"दुसऱ्याची एकशे एकतीस, टिकली, दोन शून्य पाच, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

तिसरं हत्यार म्हणजे ड्रिल. गुलाबी पट्टी अडकली आणि सुशीलाने आकडा पाहिला तर नेमका एकशे बेचाळीस. पुढे सगळी शून्यं. असा पुरा आकडा क्वचित येतो. तिला बरं वाटलं, शकुन झाल्यासारखं. तेवढ्यात देवेशचा फोन वाजला. होडी चालवणारा तांडेल धक्क्यावरून विचारत होता, बर्फ भरू की नको.

"भर म्हणजे? अर्धो भर. नको, ऱ्हव," देवेश फोनमध्ये म्हणत होता.

"तिसऱ्याची एकशे बेचाळीस, टिकली, शून्य शून्य शून्य, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," देवेश फोनवर हात ठेवून म्हणाला आणि परत फोनमध्ये शिरला.

सुशीलाने तोंडाने टिकली लावली. बोटाने लावली नाही. आधीच्या दोन आकड्यांत ठिपका मधेच होता, बोट आपोआप त्यावर गेलं होतं. इथे एक, चार, दोन झाले आणि बोट थांबलं. शून्यांना काय अर्थ, म्हणून तिने ती दाबली नाहीत, आणि शून्यांबरोबर ठिपकाही राहिला. ठिपक्याच्या बटणावरची छाप तर कधीच पुसून गेलेली, ते बटण आठवणीनेच शोधायचं. पडद्याकडे तिने बघितलं नाही. व्हय म्हाराजा ऐकू आलं होतं ना.

चौथं हत्यार आटे पाडायचं. तेही झालं. शेवटी कव्हराचा माथा कुठे आहे ते कागदाची जाडी वजा करून सांगितलं. जाडी चंदनने डब्याच्या झाकणावर खिळ्याने कोरून ठेवली होती.

"आता गप बस," सुशीलाने देवेशला सांगितलं आणि हिरवं बटण दाबलं.

म्हातारी कण्हली, फिरली, खाली आली. पहिलं हत्यार कव्हराच्या तोंडावरून सरकलं आणि खडबडीत तपकिरी धातूखालून सोनेरी रंग निघाला. देवेशने तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्या हत्याराने मधलं भोक घेतलं. आवाज कसा, शेवया पडतात तसा मऊ. सुशीलाने खांदे सैल केले. टपरीवर बाळाने दुसरा चहा मागवला.

तिसरं हत्यार.

इथे सुशीलाची एक स्वतःची सवय होती. ती चंदनने शिकवली नव्हती, तिचीच होती. नवं हत्यार पहिल्यांदा खाली येताना ती चाल अगदी कमी ठेवायची, थांबवायच्या बटणावर अंगठा ठेवायची आणि हत्यार कामाजवळ आलं की दोन गोष्टी बघायची. पडद्यावर लिहिलेलं असतं, अजून किती जायचं बाकी आहे. आणि डोळ्यांना दिसतं, खरोखर किती बाकी आहे. अक्षरं तिला उशिरा भेटली होती, त्यांच्यावर तिचा विश्वास होता, पण अर्धाच. उरलेला अर्धा बोटांवर.

ड्रिल खाली येत होतं. कामाच्या वर तीन बोटांवर त्याने थांबायचं होतं. आता ते चार बोटांवर आलं. म्हणजे एक बोटभर राहिलं. तिने पडद्याकडे पाहिलं. पडदा म्हणत होता, अजून एकशे साठ.

एकशे साठ म्हणजे जवळजवळ वीत.

अंगठा दाबला गेला. म्हातारी गप्प झाली.

सुशीलाने ड्रिल आणि कव्हर यांच्यामध्ये चार बोटं आडवी धरली. बरोबर चार बसली. मग तिने आपली वीत पडद्यापुढे पसरली, जणू पडद्याला दाखवत होती.

"काय झाला?" देवेश म्हणाला.

"तू तिसऱ्याची टिकली बघलंस?"

"व्हय म्हटलंय मां मी."

"व्हय म्हटलंस ता ऐकलंय. बघलंस काय?"

देवेशने डोकं खाजवलं. "खरा सांगू मावशे? गाऱ्हाण्यात कोण ऐकता? गाऱ्हाणेवाल्याचो आवाज खाली इलो काय म्हणाचा व्हय म्हाराजा. ल्हानपणापासून तसाच. एकदा गाऱ्हाणेवाल्याक खोकलो इलो, तरी आमी म्हटलंव व्हय म्हाराजा."

सुशीलाने नंबरांचं पान उघडलं. तिसऱ्या ओळीत शून्य, टिकली, एक चार दोन. एवढंसं ड्रिल. मुंगीच्या पायाएवढं. आणखी एक क्षण गेला असता, तर म्हातारीने वीतभर ड्रिल कव्हरात, कव्हरातून टेबलात आणि टेबलातून पाताळात घातलं असतं, मोठ्या श्रद्धेने.

बाळा धावतच आत आला, हातात चहाचा ग्लास तसाच. "आवाज बंद कित्याक झालो? आपाटला?"

नाही म्हणून भागलं असतं. दिसत काहीच नव्हतं. ड्रिल शाबूत, कव्हर शाबूत. देवेशनेही डोळ्यांनी खूण केली, बोलू नको. सुशीलाने पदराने मान पुसली.

"आपाटला नाय. आपाटतला होता. तिसऱ्याची टिकली रवलेली. चार बोटांर धरलंय."

बाळाने खाली वाकून ड्रिल पाहिलं, पडदा पाहिला, तिच्याकडे पाहिलं. चहाचा ग्लास हातात घेऊन लेथपाशीच घोट घेत उभा राहिला.

सुशीलाने एक, चार, दोन लिहिलं, टिकली लावली, पडदा पाहिला. मग देवेशला परत उभं केलं. "आता चारय नंबर पयल्यापासून. बा देवा म्हाराजा, पयल्या हत्याराची लांबी एकशे अठरा, टिकली, चार सहा शून्य!"

"व्हय म्हाराजा."

"दुसऱ्याची एकशे एकतीस, टिकली, दोन शून्य पाच!"

"व्हय म्हाराजा."

"तिसऱ्याची दीड सुरमय, टिकली, पाव किलो मोरी, म्हाराजा!"

"व्हय म्हा..." देवेश थांबला. "काय?"

बाळा मेस्त्रीच्या तोंडातला चहाचा घोट लेथवर उडाला. देवेश आधी लाजला, मग पोट धरून हसू लागला. सुशीला हसली नाही. "आता ऐकतलंस," ती म्हणाली आणि गाऱ्हाणं पुन्हा पहिल्यापासून घातलं. या वेळी देवेश प्रत्येक आकड्याला पडद्यावर बोट ठेवून, टिकलीवर नख टेकवून, मग व्हय म्हणाला.

दुपारी दीड वाजता कव्हर निघालं. बाळाने ते तीन वेळा मोजलं, जुन्या पंपावर बसवून बघितलं, फिरवून बघितलं. बसलं. हातानेच असं बसलं की काढताना चिकटल्यासारखं वाटावं. देवेश ते पोटाशी धरून मोटरसायकलवर बसला आणि जेवायलाही न थांबता आचऱ्याला पळाला.

"बरा झाला मां?" सुशीलाने विचारलं.

"बरा झाला," बाळा म्हणाला. आणि हात पुसत राहिला. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिला. "पण एक टिकली, सुशीला. एवढीशी टिकली. मशीनचा कंबरडा मोडला असता. मी झोपू कसो? शनिवारी तो येताच आसा, चंदन रविवारी येतलो, तेका इचारूया."

"क्रेन शनिवारी, चंदन रविवारी. म्हणजे मशीन गेल्यार इचारतलास काय?"

बाळाने हातातलं फडकं खुंटीला अडकवलं. तो जेवायला गेला. बुधवार तसाच गेला, गुरुवार तसाच. बाळा लेथवर, सुशीला कानशीवर, म्हातारी गप्प. सुशीलाने दोनदा विचारायचं मनात आणलं आणि दोनदा गिळलं. खरं सांगितलं नसतं, तर आता म्हातारीवर उभे असतो, असंही एकदा मनात आलं. मग वाटलं, खोटं सांगून चालवलेल्या मशीनपुढे रोज गाऱ्हाणं कुठल्या तोंडाने घालायचं?

शुक्रवारी सकाळी ती अर्धा तास आधी आली. कमरेच्या पिशवीतून एक पाकीट काढलं. लाल टिकल्यांचं, आठ आण्याएवढ्या टिकल्या, अर्धं वापरलेलं. नवरा गेला तेव्हापासून ट्रंकेत साड्यांखाली पडून होतं, टाकवलं नव्हतं आणि वापरलंही नव्हतं. डिंक केव्हाच वाळून गेला होता. तिने पंक्चरच्या सोल्यूशनचा एक थेंब घेतला आणि एक टिकली म्हातारीला चिकटवली, पुसून गेलेल्या ठिपक्याच्या बटणावर. मग डोळे मिटून हात फिरवला. बोटाला ती लगेच लागली.

बाळा उदबत्ती घेऊन आला. रोज सगळ्या मशिनांना ओवाळायची त्याची पद्धत. म्हातारीसमोर येऊन थबकला.

"हेका कुंकू कोणी लायला?"

"मी. आता डोळे मिटले तरी चुकाचा नाय."

बाळा त्या लाल ठिपक्याकडे बघत राहिला. मग सुशीलाच्या मोकळ्या कपाळाकडे, आणि चटकन पुन्हा ठिपक्याकडे. एवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. देवेश, हातात केळीच्या पानात बांधलेले बांगडे, वास त्याच्याही आधी आत आलेला.

"पयलो घास म्हातारेक!" तो ओरडला. "पंप कसो चलता म्हणशात, बाळाकाका! पाणी असा मारता, असा मारता..."

"ऱ्हव रे," सुशीला म्हणाली. "आधी उदबत्ती. उबो रव हयसर. गाऱ्हाणा आसा."

देवेशने बांगडे खाली ठेवून हात जोडले. बाळाच्या हातात उदबत्ती, त्याने डोळे खाली केले. सुशीलाने घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा! ही जी म्हातारी आज हयसर उबी आसा, तिका बरी ठेव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या पोटातले सेल कोणी मेन बंद करून बदलू नये, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," म्हणताना बाळाचा आवाज जरा खाली गेला.

"ती कोल्हापुराक जाता नये. आणि उद्यापासून तिच्यार सुशीला धुरी काम करतली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दोघेही एकदम म्हणाले.

देवेशने एक डोळा उघडला. मग दुसरा. "बाळाकाका," तो हळूच म्हणाला, "ऐकल्यात काय काय म्हणाली ती? का माज्यासारख्याच नुसता व्हय म्हटल्यात? आता बदलूक गावाचा नाय हां, देवापुढे म्हटलात."

बाळाने उदबत्ती म्हातारीच्या फटीत खोचली. खिशातून फोन काढला, कोल्हापूरवाल्याचा नंबर शोधला आणि लावायच्या आधी एकदा बोट म्हातारीच्या त्या लाल टिकलीवरून फिरवलं.

"मी तुज्यासारखो नाय रे मेल्या," तो म्हणाला. "मी टिकली बघान व्हय म्हटलंय."